खरेदीखताची नक्कल मिळते, सासूबाईंच्या पत्राची मिळत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा तोंडावर आला आहे. तो झाला की घराघरांतले माळे उतरतील, ट्रंका उघडतील आणि धनत्रयोदशीच्या आत रद्दीवाल्यांच्या गाड्या भरून जातील. त्या गाड्यांतून दरवर्षी काय जातं, त्याबद्दल हे पत्र आहे. दिवाळीनंतर छापलंत तर त्याचा उपयोग उरणार नाही, म्हणून लवकर छापावं ही विनंती. पत्र लांबलं आहे. कापायचं झालं तर माझ्या घरच्या गोष्टी कापा, शेवटची मागणी तेवढी ठेवा.

माझी सगळी नोकरी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत झाली. खरेदीखतं, गहाणखतं, बक्षीसपत्रं, मृत्युपत्रं आयुष्यभर हाताखालून गेली. लोक हे कागद कसे आणतात ते मी रोज पाहिलं आहे. पिशवीत पिशवी, तिच्यात फाइल, फाइलमध्ये पुन्हा प्लास्टिकचं पाकीट, आणि ते सगळं छातीशी धरलेलं. काळजी रास्तच आहे, मूळ दस्त बँकही मागते आणि कोर्टही. पण नोंदवलेला दस्त हरवला, जळला, पुरात गेला, तरी त्याची नोंद कचेरीच्या पुस्तकात असते. इंडेक्समध्ये शोध घ्यायचा, अर्ज करायचा, फी भरायची, प्रमाणित नक्कल हातात पडते. आईनं लेकीला लिहिलेलं पत्र मात्र गेलं की गेलं. ते कुठल्याही पुस्तकात चढलेलं नसतं. आणि आपल्या घरांतून सगळ्यांत आधी बाहेर पडतात ते असलेच कागद.

त्यातही बायकांचे आधी. पुरुषांचे कागद लोखंडी ट्रंकेत, कुलपात असतात. बायकांचे बिस्किटांच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात, देवघराच्या फळीवर पोथ्यांच्या मागे. ती बाई गेली की दिवसकार्य उरकल्यावर लेकीसुना साड्या वाटून घेतात, दागिने वाटून घेतात, आणि डबा उघडून कुणीतरी म्हणतं, "यात काही नाही, नुसती पत्रं आहेत." पूर्वी ती पत्रं बंब पेटवायला जायची, आता रद्दीत जातात.

कचेरीत हक्कसोडपत्रावर सही करायला बहिणी येत. वडिलांच्या मिळकतीतला आपला हिस्सा भावांच्या नावे सोडून द्यायचा, त्याचा तो दस्त. असे पुष्कळ दस्त माझ्यासमोर झाले. त्यातल्या एका बाईंची आठवण जात नाही. अंगठ्याचे ठसे झाले, फोटो झाला, उठताना त्या भावाला म्हणाल्या, "दादा, आईची हिशेबाची वही तेवढी मला देशील का?" दादा वाईट माणूस नव्हता. त्यानं खरोखरच न कळून विचारलं, "कसली वही?"

आता आमच्या घराबद्दल. आम्ही मिरजेचे. आजेसासरे संस्थानच्या नोकरीत होते. १९४८ साली संस्थान विलीन झालं आणि ते मुंबई सरकारचे कारकून झाले. त्यांच्या वडिलांपासूनचे मोडी कागद रुमालात बांधलेले होते. रोजकीर्द, खतावणी, पावत्या, जमिनीच्या भांडणातले अर्ज असं बरंच काही. काळी काजळाची शाई, हातकागद. मांजरपाटाच्या रुमालात, वेखंडाच्या पुरचुंडीसकट. त्यांना कसर लागलेली नव्हती. या कागदांचं कौतुक घरात सगळ्यांना होतं, वाचता मात्र कुणालाच येत नव्हते. वाडा पाडून तिथं अपार्टमेंट करायचं ठरलं, माळा रिकामा करायची वेळ आली, तेव्हा धाकट्या दिरांनी पहिल्यांदा रुमालच खाली आणला आणि म्हणाले, "हे जपायचं. बाकीचं काय ते बघा वहिनी."

त्या 'बाकीच्या'त काय निघालं ते सांगते.

सासूबाईंचा पत्र्याचा डबा निघाला. त्यात माहेरून आलेली पत्रं, माणसागणिक बांधलेली. आईची वेगळी, धाकट्या बहिणीची वेगळी, दोन मैत्रिणींची मिळून एक. ज्या दोऱ्यानं त्यांनी बांधली त्याच दोऱ्यात ती आम्ही ठेवली आहेत, आणि सगळ्यांना माझं हेच सांगणं आहे. तारीखवार लावायचा मोह होतो, लावू नये. त्या बाईनं कुणाची पत्रं कुणाबरोबर ठेवली, यातही तिचं मन आहे. तारखांची यादी स्वतंत्र वहीत करता येते.

तारखांचं म्हणाल तर बायकांच्या पत्रांत सन सहसा नसतो. 'श्रावण वद्य अष्टमी, बुधवार' एवढंच. साल पाकिटावरच्या किंवा कार्डावरच्या टपालाच्या शिक्क्यात असतं. म्हणून पाकिटं टाकू नयेत आणि तिकिटं जमवणाऱ्या भाच्यांच्या हाती ती लागू देऊ नयेत. तिकीट फाडलं की शिक्का गेला, शिक्का गेला की साल गेलं. तरीही तिथी आणि वार दोन्ही असतील तर जुनी पंचांगं घेऊन बसता येतं. शंभर वर्षांत ती जोडी जुळेल अशी मोजकीच सालं निघतात आणि मजकुरावरून त्यातलं एक ठरवता येतं. धाकट्या बहिणीची बरीचशी पत्रं आम्ही अशीच लावली.

एक गोष्ट मला त्या डब्यानं शिकवली. कोपऱ्याला हळदीकुंकू लागलेली पत्रं आहेत. लग्नाची, मुंजीची, बारशाची. ती हळद अजून पिवळी आहे. पण कुणी गेल्याचं एकही पत्र नाही. असणारच नाही. मृत्यूचं कार्ड वाचायचं आणि दाराबाहेरच फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, ही आपली रीत. त्यामुळे आपल्या घरांच्या डब्यांत माणसं जन्मतात, त्यांची लग्नं होतात, आणि मग ती एकाएकी पत्रांतून नाहीशी होतात. सासूबाईंच्या आईची पत्रं एका आषाढात थांबतात. पुढं बहिणीच्या पत्रात 'आता माहेर म्हणजे तूच' असं एक वाक्य येतं, बस. कुणाला घराण्याची साखळी लावायची असेल तर त्यानं ही रिकामी जागा वाचायला शिकलं पाहिजे. आणि त्या तारखा माहीत असलेलं माणूस घरात असेल तर आजच्या आज लिहून घेतल्या पाहिजेत.

दुसरी अडचण नावांची. बाईला माहेरचं एक नाव, लग्नात ठेवलेलं दुसरं आणि हाकेचं तिसरं: माई, अक्का, जिजी, ताई. आईच्या पत्रात ती माहेरच्या नावानं येते, सासरच्या कागदांत दुसऱ्या नावानं, भाच्यांच्या पत्रांत 'माईमावशी' म्हणून. परक्या माणसाला या तीन बाया वाटतात. आम्ही एक वही केली. एका बाईला एक पान, पानावर तिची सगळी नावं आणि कुठल्या पत्रात कुठलं नाव आलं ते. घरातल्या बायका अशा एकेक करून ओळखीच्या झाल्या. पुरुषांसाठी अशी वही लागली नाही. त्यांची नावं जन्मापासून मरणापर्यंत एकच होती.

फोटोंतही तेच. वाड्याच्या चौकात काढलेला एक लग्नाचा ग्रुप फोटो आहे, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली स्टुडिओचं नाव उठावात. पुठ्ठ्यावर शाईनं बसलेल्या सगळ्या पुरुषांची नावं आहेत, हुद्द्यांसकट. त्यापुढं लिहिलं आहे, 'व घरातील स्त्रिया'. उभ्या असलेल्या बायकांपैकी एकीचंही नाव नाही. हा फोटो मी आत्याबाईंकडे घेऊन गेले. सासऱ्यांच्या या सगळ्यांत धाकट्या बहिणीची नव्वदी उलटली होती, ऐकू कमी येई, नजर मात्र शाबूत. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून मी आधीच प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढून आकडे घातले होते. आत्याबाई आकड्यांकडे बघेचनात. दागिन्यांवरून ओळखायला लागल्या. "ही नथ मोठ्या काकूची, तिच्या माहेरची. हिच्या कडेवर जो आहे ना, तो तुझा सासरा." मग मागच्या खांबापाशी बोट थांबलं. तिथं अर्धाच चेहरा आहे, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. मला तो इतकी वर्षं फोटोवरचा डाग वाटत होता.

"ही आमची आत्या," त्या म्हणाल्या. "बालविधवा. लग्नाच्या फोटोत उभी राहायची नाही ती. पोरं 'आत्या, आत्या' म्हणून ओरडली, म्हणून डोकावली. आम्हांला सगळ्यांना तिनंच वाढवलं."

तिचा दुसरा फोटो नाही. तिच्या नावाचा एकही दस्त कुठल्या कचेरीत नसणार, कारण तिच्या नावावर कधी काही नव्हतंच. ट्रेसिंग पेपरवर तिचं नाव त्याच दुपारी लिहिलं गेलं. त्यानंतरच्या पावसाळ्यात आत्याबाई गेल्या. फोटो कसा जपायचा हे नंतर शिकता येतं, यंत्रं मिळतात, माणसं मिळतात. नावं सांगणारं माणूस मात्र वाट बघत नाही. म्हणून जे काही करायचं त्यात पहिलं काम हेच: घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईसमोर फोटो घेऊन बसणं. फोनवर बोलणं रेकॉर्ड करा, आणि नावं फोटोच्या मागं मऊ शिसपेन्सिलीनं, कडेला, न दाबता लिहा. बॉलपेननं लिहिलं तर अक्षर पुढच्या बाजूला उमटतं.

आता सासूबाईंची कात्रणवही. ही वही म्हणजे आजेसासऱ्यांची उरलेली लांबडी चोपडी. तिच्यात १९५०-६० सालांपासूनची कात्रणं आहेत. विणकामाचे नमुने, लोणच्यांची प्रमाणं, 'स्त्री' मासिकातली पानं. किर्लोस्करवाडी आमच्यापासून जवळ, तिथून निघालेल्या 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री'चे अंक या भागातल्या घरांत हातोहात फिरत. सासूबाई कात्रणावर तारीख न चुकता घालत. त्यांच्यानंतर कात्रणं कापणारे बहुतेक जण तारीखच कापून टाकतात, असा माझा अनुभव आहे.

त्या वहीत डिसेंबर १९६७ मधल्या कोयनेच्या भूकंपाच्या बातम्या आहेत. ११ तारखेच्या पहाटे झाला तो. बातमी काय, ती ग्रंथालयातल्या जुन्या फाइलींत मिळेल. पण समासात सासूबाईंचं अक्षर आहे: 'चार वाजून गेले होते. फडताळातली भांडी पडली. सगळे अंगणात. बाळ उठला नाही.' बाळ म्हणजे माझे यजमान. पुढं आणखी बारीक अक्षरात, 'म्हैस आधी ओरडली.' ही ओळ दुसऱ्या कुठल्या फाइलीत मिळणार?

त्याच चोपडीच्या मागच्या बाजूनं वाणसामानाचा हिशेब आहे. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. त्या महिन्याच्या पानावर त्यांनी स्वतःसाठी कोष्टक मांडलं आहे. चार आण्यांचे पंचवीस, आठ आण्यांचे पन्नास, इथवर सरळ. एक आण्यापाशी सहा लिहून खोडलंय, सव्वासहा लिहून खोडलंय आणि शेवटी पुन्हा सहा. दुधाचा हिशेब पुढं बरेच दिवस आण्यांतच चालू राहिला आणि मग एका पहिल्या तारखेपासून तो नव्या पैशांत गेला. नव्या नाण्यांशी झगडणारं एक घर त्या पानावर दिसतं. धाकटे दीर चोपडी हातात घेऊन म्हणाले होते, "यात कसले तरी हिशेब आहेत." आता तेच आल्यागेल्याला ते पान दाखवतात.

वर्तमानपत्राचा कागद फार टिकत नाही. त्यात लाकडाचा लगदा असतो, तो उजेडानं पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि शेजारच्या पानालाही डाग पाडतो. म्हणून कात्रणांचे फोटो आधी काढले पाहिजेत. त्यामानानं जुना हातकागद शेकडो वर्षं राहतो. सासूबाईंनी चिकटवायला खळ वापरली होती, गव्हाच्या पिठाची. खळीला कसर लागते हे खरं. बाइंडर लोक म्हणून तर खळीत मोरचूद घालत. पण खळ पाण्यानं सुटते. कागद दुरुस्त करणारे जाणकार आजही गव्हाच्या सत्त्वाचीच खळ वापरतात, ती याचसाठी. आजची चिकटपट्टी पिवळी पडते आणि कागदाचा थर घेऊन निघते. फेव्हिकॉल निघतच नाही. आणि लॅमिनेशनवाल्याकडे जुना कागद कधीही नेऊ नका. उष्णतेनं प्लास्टिक कागदात बसतं, पुन्हा वेगळं होत नाही. कचेरीत लोक मला अभिमानानं लॅमिनेट केलेले जुने कागद दाखवायचे, आतली शाई तपकिरी होत चाललेली दिसायची आणि करण्यासारखं काही उरलेलं नसायचं.

रंगीत फोटोंची अवस्था काळ्या-पांढऱ्यांपेक्षा वाईट आहे, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. आमच्या लग्नाचे रंगीत फोटो तांबूस झाले आहेत, आणि आजेसासऱ्यांच्या मुंजीचा फोटो स्वच्छ आहे. रंगीत फोटोंतले रंग अंधारातसुद्धा विटतात, निळसर रंग आधी. त्यात ते फोटो प्लास्टिक ओढून चिकटवायच्या अल्बममध्ये असतील तर गोंदानं आणखी खराब होतात. शिवणाचा बारीक दोरा फोटोखालून हलक्या हातानं ओढत नेला तर बरेचसे सुटतात. न सुटणाऱ्यांशी झटापट करू नये, पानासकट स्कॅन करावेत. लग्नाची व्हीएचएस कॅसेट असेल तर आता थांबूच नका. ती चालवणारं यंत्र बनवणं शेवटच्या कंपनीनंही २०१६ साली बंद केलं, आणि आपल्या हवेत फितीला बुरशी येते.

महापुराबद्दल लिहिलं पाहिजे, कारण आमच्या भागात तो पुन्हा येणार. २००५ ला आला, २०१९ ला आला, २०२१ ला आला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. माझ्या नणंदेचं घर सांगलीतच, गावभाग नावाच्या जुन्या वस्तीत. पाणी उतरल्यावर आत गेलो तेव्हा कपाटातले अल्बम चिखलात फुगले होते. जे अल्बम तोवर सुकून गेले होते त्यांच्या विटा झाल्या होत्या, फोटोला फोटो चिकटलेला, ते कायमचे गेले. जे ओले होते ते ओलेच ठेवून मिरजेला आणले. घमेल्यात स्वच्छ गार पाणी घेतलं, त्यात फोटो सोडले, पाणी गढूळ झालं की बदललं. कडेला धरून एकेक उचलायचा, चेहऱ्यावर बोट लावायचं नाही, आणि जुन्या सुती साड्यांवर चित्र वर करून सावलीत पसरायचा. नणंद स्वतःच्या बारशाचा फोटो पाण्यातून काढताना हुंदके देत होती, पण तिचा हात हलला नाही. जुने काळे-पांढरे जवळजवळ सगळे वाचले. रंगीत अर्धेही नाही.

पत्रांचे ओले गठ्ठे सोडवायची घाई केली नाही. दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून थेट गोठवले. ओळखीच्या एका आइस्क्रीमवाल्यानं डीप फ्रीझरचा कोपरा दिला, भल्या माणसानं पैसे घेतले नाहीत. मग थोडे थोडे काढून सोडवत, वाळवत गेलो. निळ्या फाउंटनपेनची अक्षरं वाहून गेली होती. पेन्सिलीचं एकही अक्षर हललं नव्हतं. काजळाच्या शाईचं मोडी धूसर झालं, पण वाचता येतं. एवढं तरी प्रत्येक पूरगावातल्या घराला माहीत असावं: ओले कागद उन्हात टाकायचे नाहीत, ओढून सोडवायचे नाहीत, जमलं तर गोठवायचे. आणि ठेवायचेच झाले तर वरच्या मजल्यावर, लोखंडी कपाटात. माळ्यावर पत्र्याखाली नको, न्हाणीघराच्या भिंतीशीही नको.

वाटणीचा प्रश्न आमच्याकडेही आला. तीन भाऊ, तीन फ्लॅट, अल्बम कुणाचा? मोठा पुतण्या अमेरिकेत असतो, त्याला मोडीतला एक कागद फ्रेम करून न्यायचा होता. त्याची ओढ मला कळते. पण ऐतिहासिक मोल असलेला आणि ७५ वर्षांहून जुना दस्तऐवज कायद्यानं पुरावस्तू ठरतो, आणि पुरावस्तू परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही, हा १९७२ चा कायदा आहे. तो नसता तरी मी नको म्हटलं असतं. गठ्ठा फुटला की त्यातला कागद मुका होतो. आमच्याकडे अखेर असं ठरलं: मूळ सगळं एका ठिकाणी, स्कॅन प्रत्येकाला. पत्रांची दोन्ही बाजूंनी, पाकिटासकट, आणि फोटोंची त्याहून बारीक, ६०० डीपीआयला. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं स्कॅन हे जपलेलं स्कॅन नव्हे, तिथं चित्र लहान होऊन जातं. हार्डडिस्क दोन, दोन घरांत, आणि तिसरी प्रत पुतण्याकडे परदेशात.

काही पत्रं अशी निघाली की त्यांत घरातली दुखणी होती. एका मुलीला सासरहून परत पाठवलेलं, एकाचं कर्ज, एकाचं डोकं फिरलेलं. दिरांचं म्हणणं, जाळून टाका, कशाला पुढच्यांना. मला ते पटलं नाही. ज्या बायकांनी ते सोसलं त्यांनी ते लिहूनही ठेवलं, आणि लिहिलेलं जाळायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? ती पत्रं वेगळ्या पाकिटात आहेत, वर तिघा भावांच्या सह्या आहेत, 'सन २०६० पूर्वी उघडू नये'. तोवर ज्यांना लाज वाटेल असं कुणी राहणार नाही.

आमच्याच मिरजेत शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतली पत्रं वाचून, उतरवून, खंडामागून खंड छापले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगावच्या घरांतून कागद मिळवले. १८९८ साली त्यांचा पहिला खंड निघाला, तो पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. सरकारी दप्तराइतकाच मराठ्यांचा इतिहास घरांच्या माळ्यांवर होता, म्हणून तो मिळाला. पण त्यांनी शोधले ते स्वाऱ्यांचे आणि सरदारांचे कागद, आणि त्या काळात तेच निकडीचं होतं. बायकांचे कागद शोधत दारोदार कुणी हिंडलं नाही. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी गेल्या. कॉलेजात प्रवेश मागणारं त्यांचं १८८३ चं पत्र आज फिलाडेल्फियात ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात पाहायला मिळतं, कारण त्या कॉलेजानं आपल्या फाइली टाकल्या नाहीत. ते पत्र आपल्याकडच्या एखाद्या डब्यात राहिलं असतं तर आज असतं का, या विचारानं मला अस्वस्थ व्हायला होतं.

गेल्या काही वर्षांत जातीच्या नोंदी शोधायला गावागावांत मोडी कागद उलगडले गेले, मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. चांगलं झालं. पण दाखल्यापुरती ओळ सापडली की बाकीचा गठ्ठा पुन्हा तिथंच फेकला जातो, हेही मी पाहते आहे.

आता मागणी. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आपल्याकडे १९६७ पासून आहे, गावोगावच्या वाचनालयांना 'अ' ते 'ड' दर्जा आणि अनुदान मिळतं. 'अ' दर्जाच्या प्रत्येक तालुका ग्रंथालयात एक चांगला स्कॅनर, एक लोखंडी कपाट आणि एक नोंदवही असावी. घरच्यांनी सकाळी कागद आणावेत, संध्याकाळी मूळ कागद घरी परत न्यावेत, स्कॅनची एक प्रत तिथं राहावी. कुणाला काय दाखवायचं, कधीपासून दाखवायचं, ते घरच्यांनी नोंदवहीत लिहून सही करावी. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, त्यातून तयार झालेली मुलं-मुली महिन्यातून एकदा तालुक्याला आली तर पत्रांवर निदान दोन ओळींचा गोषवारा तरी होईल. नोंदवहीत एक रकाना सक्तीचा असावा: या कागदांत आलेल्या स्त्रियांची नावं, माहेरची आणि सासरची. हे काम करायला इमारत बांधावी लागत नाही. कपाट आहे, छप्पर आहे, रोज दार उघडणारा माणूस आहे. पूररेषेतल्या ग्रंथालयांनी तेवढं कपाट वरच्या मजल्यावर ठेवावं.

आणि एक आपल्या दैनिकाकडे मागणं. रविवारच्या पुरवणीत वाचकांनी पाठवलेला एखादा जुना फोटो छापावा, ज्यातल्या बायकांची नावं कुणाला माहीत नाहीत असा. गावाचं नाव आणि अंदाजे साल द्यावं. कुठल्या तरी घरातली एखादी आजी चष्मा लावून तो बघेल आणि सांगेल.

आमच्या घरच्या स्कॅनचा पूर्ण संच, ते एक बंद पाकीट सोडून, आम्ही मिरज तालुक्यातल्या ग्रंथालयाला द्यायला तयार आहोत. नावांच्या वहीची प्रतही देऊ. तो ठेवून घ्यायची तयारी कुठल्या ग्रंथालयाची आहे, ते त्यांच्या कार्यकारिणीनं याच सदरातून कळवावं.

आपली,
एक निवृत्त नोंदणी कर्मचारी, मिरज